वैशीच्या चौकटीचा नारळ

हसायचं न्हाई, आधीच सांगून ठेवतो. चहा माझा हाय, तवा कप रिकामा हुईस्तोवर तरी तोंड सरळ ठेवा. मंग काय दात काढायचे ते काढा. कारन माझ्या हातनं जे झालंय ना, त्यापायी आमच्या गोठ्यातल्या म्हशी सुदिक माझ्याकडं तिरक्या बघत्यात!

मला तर वळखताच. मी संपत. राहुरीपासून आत, मुळा धरनाच्या अंगाला आमचं गाव. थोडी जमीन, म्हशी, आन एक पिकअप. लोकांची जनावरं पिकअपमंदी घालायची आन घोडेगावच्या बाजाराला न्यायची, हा आपला धंदा. शाळा चौथीपोत्तर. डोकं तापट. गावात म्हनत्यात, संपतला राग यायला कारन लागत न्हाई, नुसता संपत लागतो.

माझी पोरगी वैशाली, घरात आमची वैशी. दहावी झाली आन एक दिवस म्हनली, "आप्पा, मला तालुक्याच्या हायस्कुलात बांधकामाचा कोर्स घ्यायचाय. अकरावी-बारावी तिथंच."

"कशाचा कोर्स?"

"गवंडीकामाचा."

मी ताटावरनंच उठलो. "विटा उचलायला शाळा? विटा काय रस्त्यावर बी उचलता येत्यात! त्याला पुस्तक कशाला पायजे?"

आमची मंडळी, मंदा, भाकरी थापत हुती. ती मान वर न करता म्हनली, "तुमी बांधलेला गोठा बघितला का? पुस्तक वाचून बांधला असता तर म्हशी सुखानं बसल्या असत्या."

आता गोठ्याचं नाव काढलं की मी गप्प बसतो का? लई बोललो. एवढा बोललो की शेजारचा बबन भिताडावरनं डोकावून बघायला लागला, कोन मेलं म्हनून. पन पोरगी बधली न्हाई. फॉर्म भरला, गेली.

आन मंग एक दिवस ती शाळेतनं एक दोरी घिऊन आली. दोरीच्या टोकाला लोखंडाचा भवरा लोंबतोय. त्याला ओळंबा म्हनत्यात. भिंत सरळ हाय का वाकडी, ते बघायचं हत्यार. तिनं तो गोठ्याच्या भिंतीला वरनं लावला आन सोडला.

भवरा हालला, डुलला, आन थांबला. भिंतीपासून चांगला चार बोटं लांब.

"आप्पा, भिंत बाहेर आलीया."

"भिंत बरोबर हाय! तुझा भवरा वाकडा लोंबतोय!"

"आप्पा, ह्यो वाकडा लोंबूच शकत न्हाई."

मी भवऱ्याकडं बघितलं. भवरा तिथंच. मी वरडलो. भवरा तिथंच. दोन शिव्या दिल्या. हालला बी न्हाई बेटा! आयुष्यात पहिल्यांदा मला कुनीतरी भेटलं, ज्याच्याशी भांडताच येत न्हाई. खरं सांगतो, अंगावर काटा आला. एवढीशी दोरी, एवढंसं लोखंड, आन माझ्यासारख्या मानसाला गप करतं? पोरगी झोपल्यावर मी परत जाऊन बघितलं. चार बोटंच.

त्या दिवसापासनं पोरीच्या शाळेबद्दल माझ्या मनात जरा धाक बसला. पन तोंडानं कबूल करीन तर संपत कसला?

बारावीचं वरीस आलं. परीक्षा तोंडावर. एका संध्याकाळी पोरगी आली ती उड्या मारतच.

"आप्पा, आज भिंत पुरी झाली! चौकट बी उभी केली. सगळी मीच. साळवे सर म्हनले, वर्गात एवढी सुबक कुनाचीच न्हाई." तिनं मोबाईलमंदी फोटो दावला.

फोटो बघितला आन मी येडाच झालो. लाल भिंत, मधी दाराची चौकट, विटांचे थर असे एकसारके जसं काय कुनी पट्टीनं आखल्यात. माझ्या पोरीनं? हीच का ती, जी दोन वर्सांमागं कुत्रं भुंकलं तरी माझ्यामागं लपायची?

मी म्हनलं, "शाब्बास! टॉवेल-टोपी काय दिली शाळेनं?"

"कसली टॉवेल-टोपी?"

"चौकट उभी केली ना? मंग नारळ कुनी फोडला? हळदी-कुकू कुनी लावलं?"

"न्हाई फोडला. आप्पा, ती चौकट नुसती..."

"नारळ न्हाई फोडला?"

आता तुमीच सांगा. आपल्याकडं चौकट उभी र्‍हायली की काय करत्यात? पूजा करत्यात, वरच्या लाकडाला आंब्याचा डहाळा बांधत्यात, नारळ फोडत्यात, आन मिस्त्रीला टॉवेल-टोपीचा आहेर करत्यात. फाटका मानूस सुदिक करतो. मंग एवढी मोठी शाळा, आन माझ्या पोरीला सुका हात?

"पन आप्पा, ऐका तर..."

"मला काय बी ऐकायचं न्हाई! मिस्त्रीचा अपमान म्हंजी अपमान! उद्या बघतोच!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप धुतली. मंदाला घेतलं, बबनला घेतलं. बबन हलगी वाजवतो, म्हनजे हलगी बी आली. हलगी बघून गावातले अजून कायजन चढले. वाटंत मंदानं इचारलं, "पोरीला टॉवेल-टोपी कशी द्यायची? तिला खन-नारळ देऊ."

"मिस्त्री म्हंजी मिस्त्री! मिस्त्रीला टोपीच!"

शाळंत पोचलो. बबननं हलगी सुरू केली. पोरं खिडकीतनं बाहेर लोंबायला लागली. बांधकामाचे साळवे सर परीक्षेच्या कामानं नगरला गेल्ते. बाकीच्या मास्तरांना वाटलं, साळवेंनीच कायतरी कार्यक्रम ठेवला असंल. एका बाईंनी तर आमाला पानी बी दिलं.

मागच्या अंगाला पत्र्याचं शेड. त्यात ती भिंत.

फोटो काय दावतो वो! समोर उभा र्‍हायलो आन डोळे भरून बघितलं. मी हळूच हात फिरवला. एक सांधा खाली न्हाई, एक वर न्हाई. एका टोकाला डोळा लावून बघितलं, तर दुसरं टोक नाकासमोर. घरी ही पोरगी चपला सुदिक एका ओळीत ठेवत न्हाई! मी चौकटीतनं पलीकडं गेलो. पलीकडं काय? परत शेडच. आत न्हाई, बाहेर न्हाई, नुसतं दार.

बबन म्हनला, "संपत, घर कुठंय?"

"व्हईल की लेका! खोली वाढवत्यात शाळंची. आधी चौकट, मंग खोली. तुला काय कळतंय?"

वैशी वर्गातनं पळत आली. तोंड पांढरंफटक. "आप्पा, काय करताय? अवो, ही भिंत..."

"तू गप उभी र्‍हा. मिस्त्रीनं बोलायचं नसतं, आहेर घ्यायचा असतो."

मंदानं हळदी-कुकू लावलं, डहाळा बांधला. मी नारळ फोडला. पोरीच्या खांद्यावर टॉवेल टाकला आन डोक्यावर पांढरी टोपी घातली. दोन येन्या टोपीखालनं लोंबत्यात! पोरांनी काय टाळ्या वाजवल्या! माझा ऊर भरून आला, आन ऊर भरला की माझं तोंड सुटतं, हे तुमाला ठावं हाय. मी सगळ्यांसमोर वरडलो, "ही माझ्या पोरीची चौकट हाय! हिला कुनी धक्का लावला, तर गाठ माझ्याशी!"

झालं. कार्यक्रम झकास झाला. घरी येऊन मी पोटभर जेवलो. पोरगी जेवली न्हाई. मला वाटलं, आनंदानं जेवन जात नसंल.

आता पुढचं ऐका.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका पोरानं चौकटीच्या पाया पडून गनिताची चाचनी दिली. पास झाला. जलमात कधी झाला नव्हता! मंग काय, सगळी बारावी रांगेत. उदबत्त्या काय, फुलं काय! कुनी लाकडाला दोरा बांधला. हाफिसातल्या कारकून बाई बी येता-जाता हात जोडायला लागल्या.

आन बबन! त्यो तर गावभर सांगत सुटला, "संपतच्या पोरीची चौकट नवसाला पावती!"

बाजाराचा दिवस आला. एका शेतकऱ्याची म्हातारी म्हैस मला घोडेगावला न्यायची हुती. दोन बाजार फिरून परत आलेली म्हैस. त्यो म्हनला, "संपतराव, वाटंत शाळा लागती ना? तेवढी चौकटीतनं काढू."

"काय काढू?"

"म्हैस!"

मी काय नको म्हननार? माझ्याच पोरीची चौकट! शाळा सुटल्यावर मागच्या फाटकातनं म्हैस आत घेतली. म्हैस चौकटीत शिरली, मधी थांबली, एक शिंग लाकडाला घासलं, भिंत जरा कुरकुरली, आन म्हैस पार झाली. घोडेगावात उतरवली न्हाई तोच इकली गेली! आता बोला! मला सुदिक वाटाय लागलं, कायतरी हाय बरं का. मी स्वता चौकटीला नमस्कार केला. पोरीनं बांधलेल्या भिंतीच्या बाप पाया पडतोय!

घरात पोरगी माझ्याशी बोलंना. मला वाटलं, परीक्षेचं टेन्शन.

मंग साळवे सर नगरवरनं आले, ते थेट आमच्या दारात. सडपातळ मानूस, इस्त्रीचा शर्ट, आवाज कसा, तर दुधावरची साय. मी पाट टाकला.

"संपतराव," सर म्हनले, "पोरीचं कौतुक केलंत, फार चांगलं केलंत. पण ती भिंत पाडायची होती."

माझं टाळकंच फिरलं. "पाडायची? का? वाकडी हाय?"

"नाही हो. इतकी सरळ भिंत मी कित्येक वर्षांत बघितली नाही."

"मंग?"

"ती सरावाची भिंत आहे. मुलं बांधतात, मी मार्क देतो, मुलं उतरवतात, त्याच विटा पुसून पुढचा मुलगा बांधतो. म्हणून तर ती मातीत बांधलेली आहे. सिमेंट नाहीच त्यात."

मला दरदरून घाम फुटला. मातीत? आन मी त्यातनं म्हैस काढली?

"परवा प्रॅक्टिकलची परीक्षा आहे. बाहेरचे परीक्षक येणार. शेड एक, चौकट एक, आणि चौकट बसवून दाखवायचा प्रश्न आहे. जुनी भिंत उतरली नाही तर एकही मूल परीक्षेला उभं राहू शकत नाही. वैशालीसुद्धा नाही. प्रॅक्टिकल गेलं की वर्ष गेलं."

"मंग उतरवा की!"

"मुलं हात लावेनात. म्हणतात, देवाची आहे. शिपाई म्हणतो, संपतरावांनी दम दिलाय." सरांनी चष्मा काढून पुसला. "मी एकट्यानं उतरवली असती. पण संपतराव, आमच्या घरात चर्चला जातात. पूजा झालेली चौकट मी मोडली, तर उद्या गावात काय बोलतील, तुम्हीच सांगा."

काय सांगू? एवढा सज्जन मानूस, माझ्या नारळापायी असा अडकून बसलेला.

मला राग आला. कुनावर काढायचा? मी घरात तोंड करून वरडलो, "मला आधी का सांगितलं न्हाई कुनी?"

वैशी दारात आली. डोळे सुजलेले. "मी तीनदा सांगाय लागले, आप्पा. तुमी मला टोपी घातली." आन ती परत आत गेली. वरडली असती तर बरं झालं असतं. वरडन्याला माझ्याकडं उत्तर असतं.

दोन वर्सं पोरगी सकाळची एस.टी. धरत हुती. हाताच्या सालपट्या निघाल्या तरी रडली न्हाई. पुढं नगरला डिप्लोमाला जायचं ठरलेलं. आन आता सगळं अडलं कशावर? बापाच्या तोंडावर!

मी पहार उचलली. "चला सर. म्या बसवलंय, म्याच काढतो."

मंदा आन वैशी बी संगं निघाल्या. शाळंत पोचलो तर भिताडावरनं सगळं ऐकून आमच्या आधी बबन हजर, आन त्याच्यामागं पंधरा-वीस मानसं. म्हैसवाला बी त्यात.

बबन आडवा उभा र्‍हायला. "संपत, हात लावायचा न्हाई! तूच म्हनला हुता, धक्का लावील त्याची गाठ संपतशी!"

"अरे मीच संपत हाय ना लेका!"

"मंग घाल तुझी तुझ्याशीच गाठ! आधी स्वताला हान, मंग भिंतीला!"

लोक हसाय लागले. मी पहार घिऊन तिथंच उभा. बबनला हानावं, का खरंच स्वताला? दोन्ही बरोबर वाटत हुतं.

तेवढ्यात मंदा पुढं आली. पदर खोचला. "काय रं बबन, गनपती बसवतो का न्हाई तू?"

"बसवतो की वैनी."

"मंग उठवतो का न्हाई?"

"उठवतो."

"तवा देव कोपतो का?"

बबन डोकं खाजवाय लागला.

"उत्तरपूजा केली की झालं. एवढंसं तर हाय. आन तुमी बापे इथं पहारी घिऊन नाचताय!"

तिनं चौकटीला हळदी-कुकू वाह्यलं, अक्षता टाकल्या, हात जोडले, चौकट जरा हालवली. मीठ-भाकरी मागावी इतक्या सहज. सगळ्यांनी माना डोलवल्या. बबननं तर हात वर करून आरोळीच ठोकली, "पुढच्या वर्षी लवकर या!"

साळवे सर हसू दाबत म्हनले, "येणार, येणार. दरवर्षी येते."

मी पहार उगारली, तर वैशी म्हनली, "ठेवा ती खाली. विटा फोडताय का माझ्या?"

ती पाटावर चढली, वरच्या थरातली वीट दोन्ही हातांनी धरली, जरा हालवली, आन पिकलेलं फळ उतरावं तशी उतरवून माझ्या हातात दिली. मातीचा भुगा पडला नुसता. दुसरी वीट. तिसरी. मी बघतच र्‍हायलो वो! एवढे दिवस पोरं तिला टेकली, लोकांनी डोकी टेकली, म्हशीनं शिंग घासलं, आन ही भिंत उभी हुती कशावर? मूठभर मातीवर! न्हाई, मातीवर बी न्हाई. नुसती सरळ हुती, म्हनून उभी हुती. मी गोठ्याला पोत्यांनी सिमेंट वतलं, त्यो चार बोटं वाकला. मला देव कुठं दिसला म्हनाल, तर त्या उतरत्या भिंतीत दिसला. पूजा करताना न्हवता दिसला.

अंधार पडायच्या आत सगळ्या विटा पुसून रचून झाल्या.

परीक्षेच्या दिवशी सकाळी साळवे सरांचा फोन. पोरांना माती कालवून द्यायला, घमेली वाह्यला एक बिगारी लागतो. ठरलेला गडी पळाला. म्हनला, पूजेच्या विटा, मी न्हाई शिवनार.

"संपतराव, तुम्हीच यायचं. पण एक अट. परीक्षकांसमोर तोंडातून शब्द काढायचा नाही. तुम्ही वैशालीचे वडील, हेही कळता कामा नये. मी नेमलेला बिगारी, बास."

गेलो. परीक्षक म्हंजी जाडजूड मानूस, मिशा, हातात कागद. पोरं कामाला लागली. मी माती कालवतोय, पानी वततोय, घमेली पळवतोय. कुनी म्हनतंय "ए दादा, इकडं माल!" कुनी म्हनतंय "लवकर!" मला! संपतला! दुसरं कुनी असतं तर घमेलं डोक्यात घातलं असतं. पन ओठ शिवल्यागत गप.

वैशीचा नंबर आला. तिनं दोरी तानली, थापीनं माती पसरली, वीट ठेवली, थापीच्या मुठीनं टकटक केलं. थर चढाय लागला. चौकट उभी केली, ओळंबा सोडला. भवरा डुलला आन थांबला. परीक्षक खाली वाकले, एक डोळा मिटला, बघत र्‍हायले, आन नुसतं म्हनले, "वा."

माझ्या नरड्यापोत्तर आलं हुतं, "माझी पोरगी हाय ती!" गिळलं. कोरडा घास गिळावा तसं गिळलं.

मंग परीक्षकांनी तोंडी प्रश्न काढले. ती फडाफड सांगाय लागली. शेवटी ते म्हनले, "समज, तू साइटवर सुपरवायझर आहेस. आज इथं काम चाललंय, त्यात तुला एक चूक सापडली पाहिजे. कोणती?"

वैशीनं शेडभर नजर फिरवली. मंग माझ्या घमेल्यापाशी आली. थापीनं माती उचलली, तिरकी केली. माती खाली वघळली.

"सर, माल पातळ आहे. पाणी जास्त झालंय."

"चूक कुणाची?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. साळवे सरांनी हळूच ओठावर बोट ठेवलं.

"बिगाऱ्याची, सर."

"मग काय करशील?"

"एकदा समजावून सांगीन."

"आणि नाही ऐकलं तर?"

पोरीनं थापीवरची माती झटकली. तिच्या गालात काय हाललं ते मला दिसलं, परीक्षकांना न्हाई दिसलं.

"हा ऐकणाऱ्यातला वाटत नाही, सर. आजच्या आज कामावरून काढीन."

परीक्षक खूश! "करेक्ट! साइटवर नातंगोतं बघायचं नसतं!" त्यांनी कागदावर कायतरी लिव्हलं आन माझ्याकडं वळून म्हनले, "ऐकलंस ना रे? ठेव घमेलं."

म्या ठेवलं.

निकाल लागला तवा कळलं, प्रॅक्टिकलला पोरीला पैकीच्या पैकी. मी पिकअप काढली आन गावभर जिलबी वाटली. बबन इचारतो, "कशाची रं जिलबी?"

काय सांगनार? कामावरनं हाकलला म्हनून गावाला जिलबी चारनारा अख्ख्या नगर जिल्ह्यात मी एकलाच!